कुंदा आर्ट, जळगाव

"कुंदाताई, बैल लाव ना!"

"केळीचा ट्रक आहे की. तो खेळा."

"ट्रक झाला जुना. झुलालभाऊचा बैल लाव. काय पळतो भो तो!"

कॉलेज बुडवून आलेल्या त्या पोरांना कुंदाने बैलांचा खेळ लावून दिला आणि खुर्ची फिरवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. पण मागून स्पीकरमधून घुंगरं वाजायला लागली, तसं बेंबीच्या वर कुणीतरी लवंगी मिरची ठेवून दिल्यासारखं तिला झालं. मेल्याने बैलांना घुंगरंसुद्धा घातली होती.

दुकान माणकचंदशेठचं. जळगावच्या नवी पेठेत. आधी तिथे नुसतं कापड होतं. अठ्ठ्याण्णव साली शेठने तागे एका भिंतीला लावले, दुसऱ्या भिंतीला कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'व्हिडिओ गेम' असा बोर्ड लावला. बोर्ड रंगवायला कुंदाला बोलावलं. बोर्ड वाळेपर्यंत ती आत बसली आणि मशीन कसं चालू करायचं, बंद कसं करायचं, हे शेठलाच समजावून सांगायला लागली. शेठ म्हणाले, "मग रोजच ये ना, बाई!" अशी ती तिथली झाली.

कुंदा म्हणजे नथ्थू पेंटरची मुलगी. एरंडोलहून ब्रश घेऊन आलेल्या नथ्थूने अर्धं जळगाव रंगवलं होतं. सराफाच्या पेढीपासून पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत कुठलाही बोर्ड बघा, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नथ्थू आर्ट'. पुढे त्याचे हात थरथरायला लागले आणि शिडीवर कुंदा चढायला लागली. ती वर उन्हात, आबा खाली ओट्यावर चहा पीत. येणारे-जाणारे ओट्याकडे बघून ओरडायचे, "नथ्थूभाऊ, झकास झाला बोर्ड!"

आणि नथ्थूभाऊ बशीतून मान वर न काढता म्हणायचे, "चाललंय आपलं."

एकदा, एकदाच, तिने कोपऱ्यात 'कुंदा आर्ट' लिहिलं. दुकानदाराने चष्मा पुसून वाचलं आणि घासलेटचा बोळा तिच्या हातात दिला.

"गिऱ्हाईक विचारेल, कोण ही कुंदा? मी काय सांगू? नथ्थूचं लिही बाई, नथ्थूचं."

तिने पुसलं. स्वतःच्या हाताने पुसलं, आणि त्याच हाताने 'नथ्थू आर्ट' लिहिलं. नंतर रेडियमची कापीव अक्षरं आली, बोर्डांचं काम अर्ध्यावर आलं. आपलं काम कोणत्या मशीनने खाल्लं ते बघावं तरी, म्हणून ती कॉम्प्युटर क्लासला गेली.

तर हे दुकान. तिथे मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. लांबलचक परदेशी रस्ता, लाल मोटार, दोन्ही बाजूंना न ओळखू येणारी झाडं. एका रिकाम्या दुपारी कुंदाला सापडलं, की खेळाच्या पोटात एक कप्पा आहे आणि त्यात सगळी चित्रं नंबर लावून ठेवलेली आहेत. पहिल्या नंबरला सुरुवातीचं चित्र, मग झाडं, मग पुढे पळणाऱ्या गाड्या. नंबर तोच ठेवून चित्र बदललं, की खेळ काही न बोलता आपलं चित्र घेतो.

मग काय! चौकटी आखून छोट्या फोटोवरून मोठा चेहरा भिंतीवर उतरवायला आबांनीच शिकवलं होतं. इथे चौकटी आयत्या आखलेल्या होत्या. तिने परदेशी झाडं काढून केळीची बाग लावली. पुढे पळणाऱ्या गाडीच्या जागी घडांनी लादलेला ट्रक उभा केला. वाटेत रेल्वेचं फाटक टाकलं. आणि पहिल्या नंबरवर, शुभारंभाचा म्हणून, गणपती काढला. त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलं: कुंदा आर्ट, जळगाव.

इथे घासलेटचा बोळा द्यायला कुणी नव्हतं.

सगळी नवी पेठ लोटली. आपल्या गावची केळी टीव्हीत! फाटक पडलं की पोरं खरोखरीचे हॉर्न वाजवल्यासारखे ओरडायची. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या कुंदाताईंनी केलंय हे. हाताने!" चार-सहा महिने कुंदा जमिनीवर पाय न टेकवता चालली.

आणि मग झुलाल आला.

झुलाल धुळ्याचा. डिप्लोमा झालेला, उंच, दातांत फट असलेला आणि कुणाशीही पहिल्या वाक्यात घरच्यासारखा बोलणारा. शनिवारी दुरुस्तीला एसटीने यायचा, मशीन उघडायचा, फुंकर मारायचा, बंद करायचा. पहिल्या दिवशी त्याने केळीचा ट्रक बघितला आणि मांडीवर थाप मारली.

"हाई काय शे, ताई! बठ्ठं तूच करं का?"

"मग काय शेठने केलं?"

"भारी शे. लई भारी शे."

तेव्हा तो तिला आवडलाही होता. पण महिन्याभराने तो फ्लॉपी घेऊन आला. धुळ्याला बसून त्याने त्याच खेळात लाल मोटारीच्या जागी शर्यतीची बैलजोडी जुंपली होती. पुढच्या गाड्यांच्या जागीही बैल. ट्रक की बैल, ते खेळाच्या सुरुवातीला निवडायचं. आणि त्याने नुसती चित्रं बदलली नव्हती. खेळाच्या पोटातले आकडे बदलले होते. बैल दमायचे. जास्त चाबूक मारला की बिथरायचे. उतारावर सुसाट सुटायचे.

"डिप्लोमा तो डिप्लोमा!" शेठ म्हणाले. "बघितलं का कुंदाताई? जिवंत आहेत हो!"

"बघितलं," कुंदा म्हणाली. "मागचा पाय उलटा दुमडतोय."

ते कुणी ऐकलं नाही.

पण खरा घाव बसला तो आबांमुळे. ते सहसा दुकानात यायचे नाहीत. तिचा ट्रक त्यांनी एकदाच बघितला होता आणि "मागचं चाक जरा बारीक झालं," एवढंच बोलून गेले होते. त्या शनिवारी ते डबा द्यायला आले, झुलालने त्यांना खुर्चीत बसवलं, थरथरता हात बटणावर ठेवून दिला आणि बैल सोडले. आबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हैक! हैक! अरे पोरा, मना बापनी जोडी शे ही!" असं म्हणत त्यांनी झुलालच्या पाठीवर धपकन हात मारला.

कुंदाला आठवेना, की आपल्या पाठीवर आबांनी कधी असा हात मारला होता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तिने आपला खेळ उघडला. केळीच्या बागेत जरा बसावं म्हणून. पडद्यावर गणपती आला. पण हा गणपती तिचा नव्हता. सोंड नळाच्या पाइपासारखी, एक कान दुसऱ्याच्या दुप्पट. आणि खाली उजवा कोपरा रिकामा.

नाव पुसलं होतं.

तिला घासलेटचा वास आला. दुकानात घासलेट नव्हतं, तरी आला.

ती झुलालला काही बोलली नाही. बोलायचं तर काय बोलायचं? माझं तिळाएवढं नाव तुला खुपलं का? त्यापेक्षा सोमवारी तिने आपली फ्लॉपी घातली आणि सगळी चित्रं पुन्हा जागेवर टाकली. तिचा गणपती परत आला, नाव परत आलं. पुढच्या शनिवारी झुलालने बैल भरले, नाव गेलं. सोमवारी नाव आलं. असं चाललं. वरून दोघं गोड. "चहा घेतेस का ताई?" "घेते ना." आणि चहा पिताना ती त्याच्या दातांतल्या फटीकडे बघत मनात म्हणायची, तुझे बैल लंगडे होवोत.

आणि खरंच काहीतरी व्हायला लागलं. पोरं तक्रार करायला लागली. "ताई, ट्रक मधेच बैल होतो." "ताई, ट्रकला शेपूट आलं." कुंदाला वाटलं, झुलालने मुद्दाम खोडी घातली आहे आणि आपला ट्रक हास्यास्पद करतोय. तिचा राग आणखी शिजला.

तेवढ्यात शेठने सांगितलं, "धुळ्याला आग्रा रोडवर दुसरं दुकान काढतोय. सगळ्या मशीनवर तुमचा खेळ. ट्रकपण, बैलपण, दोन्ही एकात. तुम्ही दोघं आपापल्या फ्लॉप्या घेऊन या. उद्घाटनाला आमच्या आई येणार, व्यापारी येणार. एकदा जे बसेल ते बसेल, मग रोज रोज बदलणं नाही हां."

एकदा जे बसेल ते बसेल. कुंदाच्या डोक्यात तेच घुमत राहिलं. इतक्या दिवसांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती: शेवटी ज्याची फ्लॉपी जाते, त्याचा गणपती राहतो. म्हणजे आपण शेवटी घालायची. मग धुळ्याच्या प्रत्येक पडद्यावर, त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांसमोर, कुंदा आर्ट, जळगाव.

पारोळ्यावरून एसटी जाताना तिने फ्लॉपी पदराखाली धरली होती. ऊन लागून खराब होऊ नये, म्हणून. निदान शेजारच्या बाईला तिने तसं सांगितलं.

धुळ्याच्या दुकानात झेंडूची तोरणं, कचोरीचा वास, पांढऱ्या टोप्या. झुलालने सकाळीच आपले बैल भरून ठेवले होते. त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. तो बाहेर पाहुण्यांना पाणी द्यायला गेला आणि कुंदाने एका मशीनमागून एका मशीनमध्ये आपली फ्लॉपी घातली. प्रत्येक वेळी मशीनने इंग्रजीत विचारलं: या नावाचं आधीच एक आहे, त्यावर टाकू का? प्रत्येक वेळी तिने हो म्हटलं.

शेठच्या आई, भंवरीबाई, आल्या. पूजेचं ताट आलं. त्यांनी ओल्या कुंकवाने पडद्याच्या काचेवरच साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "चलाव बेटा."

कुंदाने बटण दाबलं.

गणपती आला. तिचा. सुबक सोंडेचा. काचेवरून कुंकवाचा एक ओघळ खाली आला आणि बरोबर तिच्या नावापाशी थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंदाने चोरून झुलालकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. तो आईकडे बघत होता. आणि एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा कुंदाच्या पोटातली मिरची थंड झाली.

मग शर्यत सुरू झाली.

समोर केळीचा ट्रक होता. क्षणात तिथे बैलजोडी आली. पुन्हा ट्रक. पुन्हा बैल. मग घडांच्या खाली चार पाय धावायला लागले आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून एक गोंडेदार शेपूट हलायला लागलं. घुंगराचा एकच झणकार स्पीकरमध्ये अडकला, झण-झण-झण-झण, आणि सगळं थिजलं. ट्रक, पाय, शेपूट, जागच्या जागी.

सगळ्या पांढऱ्या टोप्या पडद्याकडे वाकल्या.

"माणक," भंवरीबाई शांतपणे म्हणाल्या, "ट्रक रे पूंछ है."

आणि मग जो हशा पिकला! टोप्या पडल्या. शेठ हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. "पाहुणे, आधी कचोरी घ्या, कचोरी!" असं म्हणत त्यांनी सगळ्यांना बाहेर मांडवात नेलं आणि जाता जाता या दोघांना म्हणाले, "जेवणं होईपर्यंत. नाहीतर मूळचा लाल मोटारीचाच खेळ ठेवतो. ना तुमचा ट्रक, ना तुमचे बैल. परदेशी बरा, निदान शेपूट तरी नाही."

दार लागलं.

"ताई," झुलाल म्हणाला, "तू मना गणपती काबरं पुसस? दर आठवड्याले पुसस! मना मायने सांगेल व्हतं, पहिला गणपती टाकजो. ती आज बघाले उनी."

"मी पुसते? तू माझं नाव पुसलंस!"

"कसानं नाव?"

"कोपऱ्यातलं! कुंदा आर्ट, जळगाव!"

झुलाल तिच्याकडे बघत राहिला. मग थंड पडलेल्या आवाजात, शाळेतल्या मराठीत म्हणाला, "ताई, आईची शपथ, मी ते कधी बघितलंच नाही."

हे तर त्याहून वाईट होतं. पुसलं असतं तर पुसण्याइतकं तरी ते त्याला मोठं वाटलं असतं. त्याने बघितलंच नव्हतं!

"मी आपला फ्लॉपी घालतो," झुलाल सांगत होता, "मशीन विचारतं, आधीच आहे, त्यावर टाकू का? मी म्हणतो हो."

"मलाही विचारतं."

"मग तू काय म्हणतेस?"

कुंदाने हातातली फ्लॉपी उलटी केली. "हो."

बाहेर कुणीतरी आणखी चटणी मागत होतं.

"म्हणजे," झुलाल खाली बसला, "दोघांनी पहिल्या नंबरलाच गणपती बसवला."

"पहिल्या नंबरला गणपती नाही बसवायचा तर काय शेवटी बसवायचा?"

"नाही, बरोबर. मीपण त्याच्यामुळेच. पण गाड्यांचं बघ. मला बैलाच्या पावलांना चार चित्रं लागतात, म्हणून मी चार नंबर घेतले. तुझा ट्रक एकच, तो तू त्यातल्या पहिल्यावर उभा केलास. मग मशीन एक ट्रक दाखवतं आणि तीन बैल."

"तरी घडांच्या खाली पाय कुठून आले? शेपूट?"

"चित्रांची मापं मी आकड्यांत लिहिली आहेत. बैलाची. तुझा ट्रक त्या मापात मावत नाही, म्हणून एकाच्या अंगात दुसरं घुसतं. आणि शेवटी मशीन गुदमरतं."

म्हणजे खोडी कुणीच काढली नव्हती. कुंदाला हायसं वाटायला हवं होतं. पण ज्याच्यावर एवढे महिने राग धरला, तो निर्दोष निघाल्यावर राग ठेवायचा कुठे, हे तिला समजेना.

"भिंत," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"भिंतीचं असंच होतं. साबणवाला एक पेंटर आणतो, बियाणंवाला दुसरा. दोघांना रस्त्यावरची तीच भिंत हवी. रात्रीत एकमेकांवर रंग फासतात आणि सकाळी बघावं तर साबणातून कापूस उगवलेला. म्हणून आबा भिंत घेतली, की आधी चुन्याने कोपऱ्यात 'राखीव' लिहायचे आणि खाली नाव. मग कुणी हात लावायचं नाही. आपण आधी विचारलंच नाही एकमेकांना, भिंत कुणाची ते."

उद्घाटनाच्या रांगोळीतून उरलेला खडू तिथेच पडला होता. दोघांनी फरशीवर नंबर मांडले. झाडं कुंदाची, राखीव. फाटक कुंदाचं. बैल आणि बैलांचे आकडे झुलालचे. ट्रक कुठे ठेवायचा? झुलालने डोकं खाजवलं. "शेवटी पोलिसांच्या गाडीचा एक नंबर आहे. परदेशी पोलीस. एवढ्या दिवसांत कुणाला दिसला नाही. तिथे ठेवू ट्रक, मी त्याचं माप वेगळं लिहितो, आणि त्याला रोज रस्त्यावर काढतो."

"पोलिसाच्या जागेवर केळीचा ट्रक."

"चालतंय ना. त्यालापण कुणी अडवत नाही."

कुंदाला हसू आलं, तिने ते दाबलं.

राहिला पहिला नंबर. तिथे दोघांचे खडू थांबले.

"माझी आई बाहेर बसली आहे, ताई."

"माझे आबा जळगावला बसलेत."

"तुझा सुबक आहे, मान्य. पण—"

"पण काय? सुबक आहे तर राहू दे."

कुणी मागे सरेना. मांडवात पानाचं तबक फिरल्याचा आवाज आला. कुंदा त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होती आणि तिला लहानपणचं पद्मालय आठवलं. एरंडोलहून चालत जायचे सगळे. गाभाऱ्यात एकाच बैठकीवर दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. तिने आबांना विचारलं होतं, आधी कुणाच्या पाया पडू? आबा म्हणाले होते, दोघांच्या मधे डोकं टेक.

"सरक," ती झुलालला म्हणाली.

तिने आपला गणपती निम्मा केला आणि डावीकडे सरकवला. उजवीकडे झुलालचा, पाइपाच्या सोंडेचा, आणून बसवला. सोंड तिला दोन मिनिटांत सुधारता आली असती. तिने हात लावला नाही. एवढं मन मोठं करायची तिची तयारी नव्हती.

झुलालच्या गणपतीचा उंदीर बरोबर उजव्या कोपऱ्यात आला. तिच्या नावावर. दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. कुंदाने एकेक ठिपका करून नाव पुसलं. ळ गेला, ज गेला. हात थांबला, पुन्हा चालला.

झुलालने खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "ताई, ट्रकवाले नाव कोठे लिखतस?"

कुंदाने मान वर केली.

मागच्या फाळक्यावर! दुसरं कुठे! तिने स्वतः किती ट्रकांचे फाळके रंगवले होते. आणि या खेळात तर ट्रक पुढे असतो, बघणाऱ्याला त्याची पाठच दिसते, शर्यतभर. पहिल्या चित्रातलं नाव बटण दाबताच जात होतं, हे नाव समोर धावत राहणार होतं. तिने फाळक्यावर लिहिलं. या वेळी तिळाएवढं नाही, चांगलं चिंचोक्याएवढं.

पाहुणे आले. दोन गणपती बघून भंवरीबाईंनी पुन्हा हात जोडले. झुलालच्या आईने पाइपाच्या सोंडेकडे बोट दाखवून शेजारणीला सांगितलं, "तो उजवा मना पोऱ्याना." खुर्चीत धुळ्याच्याच कॉलेजचा एक पोरगा बसला आणि बैल सुटले. केळीच्या बागेतून, घुंगरं वाजवत. झकास! समोर ट्रक. फाळक्यावर कुंदा आर्ट, जळगाव. पोराने चाबूक मारला, बैल डावीकडून सुसाट निघाले, ट्रक मागे पडला. नाव गेलं.

इतक्या लवकर!

कुंदाच्या पोटात ओळखीचं काहीतरी चुरचुरलं. ती झुलालच्या कानाशी वाकली.

"ट्रकच्या वेगाचा आकडा तुझ्या हातात आहे ना?"

"हां."

"वाढव."

"काबरं?"

"कच्चा माल आहे. पिकायच्या आत दिल्लीला पोचायचाय."

झुलालने तिच्याकडे पाहिलं, दातांतली फट दाखवून हसला आणि शेजारच्या मशीनवर आकडा बदलला. पोरगा तिथे सरकला. बैल सुटले. समोर ट्रक. पोराने चाबूक मारला, जीभ दातांत धरली, खुर्चीतून अर्धा उठला. ट्रक हटेना. मागे गर्दी जमली.

"कोण शे भो ही कुंदा?" पोरगा वैतागून ओरडला. "बाजूले सरतच नई!"

झुलालने सांगायला तोंड उघडलं. कुंदाने त्याच्या पायावर पाय दिला.

"आधी तिला ओलांडून दाखव," ती त्या पोराला म्हणाली. "मग सांगते."